जपानच्या कागदात सापडलेली इंदू

लोक मला वकीलबाई म्हणतात, आणि मी वकील नाही हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. वकील होते ते माझे सासरे. यवतमाळात आयकराच्या कामात त्यांचं नाव होतं. मी बी.कॉम. होऊन सून म्हणून आले आणि पहिल्याच दिवाळीनंतर त्यांनी एक फाईल माझ्यापुढे सरकवली. म्हणाले, "सूनबाई, हे दोन आकडे जमत नाहीयेत. बघ बरं जरा." आकडे अर्ध्या तासात जमले आणि माझं स्वयंपाकघर सुटलं ते सुटलंच. माझी सून नवऱ्यानंच पळवली, असं सासूबाई शेवटपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या.

दोन वर्षांपूर्वी मी रीतसर निवृत्त झाले. पाटी काढली. पाटीचे खिळे भिंतीतच राहिले, आणि आमच्या लोकांना तेवढे खिळे पुरतात. "पाटी नाही दिसून राह्यली, वकीलबाई, रंगाले दिली का?" असं म्हणत माणूस सरळ आत येऊन खुर्चीत बसतो. आता त्याला हाकलणार कशी? मी चहा टाकते आणि चष्मा शोधते.

आमचा धंदा बाहेरच्यांना फार रुक्ष वाटतो. बिलकुल नाही! रिटर्न म्हणजे तरी काय? वर्षभरात काय कमावलं, कुठं ठेवलं आणि कोणाला पोसलं, एवढं सरकारला खरं खरं लिहून द्यायचं. पण हे तीन प्रश्न विचारले की माणूस जे बायकोला सांगत नाही ते मला सांगतो. चाळीस वर्षांत मी इतकी गुपितं ऐकली आहेत की मला गावातल्या कुठल्याही लग्नात जेवताना चेहरा सरळ ठेवावा लागतो.

अलीकडे या धंद्यात एक नवीन गंमत आली. नेर, घाटंजी, बाभुळगाव इकडची पोरं-पोरी भराभर परदेशात गेली, आणि त्यांच्या मागोमाग तिकडचे कर आमच्या टेबलावर आले. मी जर्मनीचं किंवा जपानचं रिटर्न भरत नाही, ते तिकडचे जाणकार भरतात. पण त्याला लागणारे कागद इथं असतात, कुणाच्या पेटीत, कुणाच्या गादीखाली. ते शोधायचे, सरळ करायचे आणि धाडायचे, हे माझं काम. वय झाल्यावर मला भूगोल असा शिकायला मिळाला.

नेरचा एक मुलगा जर्मनीला गेला. पहिल्याच महिन्यात फोन. "काकू, यायले माहा धर्म कायले पाह्यजे? फॉर्मात रकाना आहे!" मलाही माहीत नव्हतं. शोधलं, तेव्हा कळलं की तिकडं चर्चचा कर सरकारच पगारातून कापून चर्चला देतं, म्हणून कोण कुठल्या पंथाचा ते आधीच विचारून घेतात. तुम्ही हिंदू असाल तर विषय संपला. पण तोवर बातमी नेरला पोचली होती. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं त्याची आई माझ्या दारात. "वकीलबाई, माह्या पोराले बाटवून तं नाही राह्यले ना?" मी म्हटलं, "अहो, बाटवत नाहीत, उलट सोडून देऊन राहिले त्याला." ते पटायला तिला दोन कप चहा लागला. जाताना मात्र दारात थांबून म्हणाली, "मंग आपल्या मारुतीच्या मंदिराची वर्गणी बी सरकारनंच कापाव ना जी. पोट्टे घरोघरी फिरून थकून राह्यले."

दुसरा, बाभुळगावचा मुलगा अमेरिकेत. तिथं राहणाऱ्यानं जगात कुठंही आपलं खातं असेल तर ते कळवायचं असतं. त्यानं प्रामाणिकपणे लिहिलं होतं, भारतात एक खातं. मी खात्रीसाठी त्याच्या वडिलांना बोलावलं, तर ते डबा घेऊन आले. डब्यात मुलाच्या नावाची नऊ पासबुकं! पोस्टाचं, पतसंस्थेचं, बँकांची. मी कपाळाला हात लावला. "अहो, ही कधी काढली?" ते एकेक दाखवू लागले. "हे दहावीच्या निकालाचं. हे बारावीचं. हे त्याले टायफाइड झालता तवाचं. अन् हे तो माह्यावर रुसून मामाकडे गेलता, तवाचं." मी मुलाला फोनवर सगळी यादी वाचून दाखवली. त्यानं मला शेवटचं पासबुक पुन्हा वाचायला लावलं. मग हळूच म्हणाला, "काकू, रुसलो होतो तेव्हाचं पण?" त्या वर्षीचं त्याचं काम मी फुकट केलं.

पण खरी सांगायची आहे ती गावंडेंची गोष्ट. गेल्याच वर्षीची आहे आणि तिच्यात मी चुकले, म्हणून ती जास्त लक्षात आहे.

सुधाकरभाऊ गावंडे घाटंजी तालुक्यातले. कापूस, तूर, अकरा एकर वावर. माणूस सज्जन, पण मिशीला फार जपणारा. त्यांची एकुलती एक मुलगी प्रणाली जपानला नागोयाजवळ यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. नोव्हेंबरातल्या एका रविवारी सुधाकरभाऊ आले, खुर्चीत बसले आणि फोन माझ्यापुढे धरला.

"पोट्टीनं काय धाडलं पाहा बरं. म्हणते, वकीलबाईले दाखवा अन् कागद लवकर पाठवा."

जपानची रीत मला आवडली. तिथं नोकरदाराला सहसा स्वतः रिटर्न भरावं लागत नाही. वर्ष संपत आलं की कंपनीच प्रत्येकाला विचारते, बाबा रे, तू घरात कोणाकोणाला पोसतोस? आईवडील परदेशात असले तरी चालतं. त्यांचं नातं सिद्ध करा, त्यांना पैसे पाठवल्याचा पुरावा द्या, तेवढा कर कमी होतो. प्रणालीला हे कोणी सांगितलंच नव्हतं. त्या वर्षी कळलं, तर तिनं आईवडील दोघांची नावं दिली होती.

"याच्यात लिवलं काय आहे?" सुधाकरभाऊंनी विचारलं.

"हेच की प्रणाली तुम्हा दोघांना पोसते."

"कोण कोणाले पोसते?"

"प्रणाली. तुम्हाला."

पारा चढला! खुर्ची मागं सरकली. "वकीलबाई, अकरा एकर वावर आहे माह्याजवळ. पोरीच्या घरचं पानी प्याची आमच्यात रीत नाही, अन् मी लिवून देऊ का पोट्टी मले पोसते म्हून? गावात तोंड दाखवू का नाही?"

"पैसे पाठवते ना ती दर महिन्याला?"

"थे तं पाठवते. मी मांगतो थोडीच!"

"काय करता त्याचं?"

"ठिबक केलं. घरावर स्लॅब टाकला." थोडं थांबून म्हणाले, "मोटरसायकल बी घेतली."

"मग पोसलं नाही म्हणा, सजवलं म्हणा. आणि भाऊ, तुम्ही सही नाही केली तर जपानचं सरकार तुमच्या मिशीचा कर तिच्या पगारातून कापणार. चालेल?"

ते मिशीवरून बोट फिरवत बसले. मग म्हणाले, "वावर तं नाही ना इचारत थे लोक?" मी म्हटलं, "वावर नाही विचारत. पैसे पाठवले का आणि कोणाला, एवढंच विचारतात." त्यावर त्यांची मान हलली आणि मला वाटलं, झालं काम.

कुठलं होतंय! त्या 'कोणाला'मध्येच खरी अडचण होती. जपानचा नियम असा की ज्याला पोसता, पैसे त्याच्याच नावानं गेले पाहिजेत. बापाच्या खात्यात पाठवले, म्हणजे बापाला पोसलं. आईला पोसल्याचं दाखवायचं तर आईच्या नावावर वेगळी, ठरलेल्या रकमेइतकी रक्कम गेली पाहिजे, आणि तीही डिसेंबर संपायच्या आत. मी विचारलं, "वहिनींचं खातं आहे?"

"आहे ना. आमचं दोघांचं जॉइंट. पहिलं नाव माहं."

"फक्त त्यांचं?"

"तिले कायले पाह्यजे वेगळं? तिले काय लागलं तं मी आणतोच."

हे ते अगदी सरळ मनानं म्हणाले. तीस वर्षांच्या संसारात वंदनाबाईंनी कापूस वेचला, तुरी झोडल्या, पोरीला शिकवायचा हट्ट धरला तोही त्यांनीच. पण त्यांच्या एकटीच्या नावाचं पासबुक नव्हतं. मी सांगितलं, पुढच्या रविवारी वहिनींना घेऊन या आणि प्रणालीचा जन्मदाखला आणा.

पुढच्या रविवारी दोघं आले. वंदनाबाई लहानखुऱ्या, डोक्यावर पदर, हातात तुरीच्या शेंगांची पिशवी. ती त्यांनी न बोलता माझ्या ओट्यावर नेऊन ठेवली. दाखल्याचा फोटो सुधाकरभाऊंनी चार दिवस आधीच मुलीला पाठवून दिला होता, घाई दुसरं काय. मी तोवर पाहिलाही नव्हता. आम्ही प्रणालीला व्हिडिओवर बोलावलं. जपानात दुपार झाली होती. पोरगी हसावं की रडावं अशा चेहऱ्यानं बसलेली.

"काकू, इथं ऑफिसात एक बाई हे कागद बघतात. फार सभ्य आहेत. परवा त्यांनी मला बाजूला बोलावलं, दार लावलं आणि हळू आवाजात विचारलं, गावंडेसान, तुमच्या घरी दोन आई आहेत का?"

"काय?" सुधाकरभाऊ ओरडले.

"बाबा, दाखल्यात आईचं नाव इंदू आहे. आधार कार्डावर वंदना आहे. त्या बाई म्हणाल्या, दोन असल्या तर लाजू नका, पण पैसे कोणत्या आईला पाठवणार ते लिहून द्या."

सुधाकरभाऊ उभेच राहिले. "म्या दोन बायका केल्या? म्या? अवो वकीलबाई, जपानात माही इज्जत गेली! तिले म्हना, एक करता करता नाकी नऊ आले माह्या!"

आणि मग वंदनाबाई हसायला लागल्या. आधी पदर तोंडाला लावून, मग पदर सुटला, मग डोळ्यांतून पाणी. मी इतक्या वर्षांत त्यांचा आवाजही धड ऐकला नव्हता. त्यांचं बघून मी हसले, फोनात प्रणाली हसली. सुधाकरभाऊ एकटे उभे होते, शेवटी तेही बसले.

"मीच थे इंदू," वंदनाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "माहेरचं नाव माहं."

"आई, मला कधी सांगितलंच नाही!"

"तू कधी इचारलं?"

आता हे आपल्याकडच्या वाचकांना काय समजावायचं? लग्नात नवरदेवानं ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं, पेढे वाटले, आणि इंदूची वंदना झाली. घाटंजीकडं इंदू कोणाला माहीत नाही. पण पहिलं बाळंतपण माहेरी. प्रणाली जन्मली बाभुळगावकडच्या आजोळी, आणि आजोबा जन्माची नोंद करायला ग्रामपंचायतीत गेले. आईचं नाव काय, म्हणून विचारलं. बाप काय सांगणार? त्यानं ठेवलेलं नाव सांगितलं. शाळेत नाव घालताना मात्र सुधाकरभाऊंनी वंदना सांगितलं आणि पुढं सगळीकडं तेच गेलं. दाखला पेटीत पडून राहिला. अशी चूक फक्त आपणच करू शकतो. तिच्यात चुकलेलं कोणीच नाही.

उपाय मला तोंडपाठ होता. चाळीस वर्षं मी दुसरं केलंय काय? ज्या कागदावर वेगळं नाव असेल तो दुरुस्त करायचा, सगळीकडं एकच नाव. मी म्हटलं, "ग्रामपंचायतीत अर्ज देऊ. इंदू काढून वंदना करून घेऊ. सोपं आहे."

"खोडूनच टाका," सुधाकरभाऊ म्हणाले. "झंझट नको."

वंदनाबाई तिथंच बसल्या होत्या. मी त्यांना विचारलंही नाही. अर्ज त्यांच्या मुलीच्या दाखल्याचा, नाव त्यांचं, आणि मी सही घेतली ती सुधाकरभाऊंची.

मंगळवारी आम्ही तिघं बाभुळगावच्या बसनं निघालो आणि पुढं वंदनाबाईंच्या भावानं आणलेल्या ऑटोनं गावात पोचलो. मला जायची गरज नव्हती, पण हाडात मुरलेली सवय, अर्ज स्वतः दिल्याशिवाय मला झोप लागत नाही. ग्रामपंचायतीतला माणूस चांगला निघाला. त्यानं कपाटातून जुनं रजिस्टर काढलं, धूळ झटकली, पान शोधलं आणि टेबलावर आमच्यापुढे ठेवलं. निळ्या शाईतली ओळ होती. मुलगी. वडील सुधाकर. आई इंदू. आणि शेवटी खबर देणाऱ्याची सही.

वंदनाबाईंनी त्या सहीवर बोट ठेवलं. अक्षरं मोठी, एकेक सुटं काढलेलं, शेवटचं अक्षर रकान्याच्या बाहेर गेलेलं.

"बाबाची सही," त्या म्हणाल्या. "त्यायले लिवता येत नव्हतं. मी चवथीत होती तवा म्याच शिकोलं होतं सही करणं. चुलीच्या राखेत काडीनं."

भाऊ मागं उभा होता, तो म्हणाला, "हाव, शिकोलं होतं ताईनं." त्यांचे वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती.

कारकुनानं माझ्या हातातला अर्ज मागितला. मी पुढं केला. तेवढ्यात वंदनाबाईंनी तो मधल्यामध्ये धरला. ओढला नाही, नुसता धरला.

"नाही," त्या म्हणाल्या.

"काय नाही?" सुधाकरभाऊ.

"खोडाचं नाही. माह्या बापानं सांगतलं, त्याच्यावर सही केली. थे खोटं आहे का? मी इंदू नाही का?"

"अवं, पण पोट्टीचे पैसे…"

"पैसे नाही भेटले तं नाही भेटले. म्या कधी मांगतले? तुमी नाव बदललं, म्या हाव म्हनलं. आता एकाच जागी राह्यलं आहे माहं नाव, थे बी खोडता?"

सुधाकरभाऊंनी रजिस्टर आपल्याकडं ओढून ती ओळ पुन्हा वाचली. आणि माझं सांगते, मला त्या क्षणी स्वतःची लाज वाटली. माझ्या पदवीच्या कागदावर कुंदा आहे. भिंतीवरून काढलेल्या पाटीवर अनुराधा होतं. कुंदा म्हणून मला शेवटची हाक कोणी मारली ते मला आठवत नाही. आणि मी बाई असून चाळीस वर्षं, कागद जुळावेत म्हणून, बायांची माहेरची नावं खोडायचे अर्ज लिहीत आले. किती लिहिले असतील, देव जाणे. एकीलाही विचारलं नव्हतं, बाई गं, खोडू का?

मी अर्ज परत घेतला आणि घडी करून पर्समध्ये टाकला. "नाही खोडायचं," मी म्हटलं. "दुसरा रस्ता काढू."

"आहे का दुसरा?" सुधाकरभाऊंनी विचारलं.

"आहे. लांबचा आहे, म्हणून सांगितला नव्हता."

दुसरा रस्ता म्हणजे प्रतिज्ञापत्र. इंदू आणि वंदना या एकच, असं शपथेवर लिहून द्यायचं आणि जोडीला पुरावे. त्यांच्या भावानं घरची पेटी उपसून लग्नाची पत्रिका काढली. पिवळी पडलेली, गणपतीचं नाक झिजलेलं, पण त्यावर ठसठशीत, चि. सौ. कां. इंदू आणि चि. सुधाकर. त्या एका पत्रिकेनं मला जेवढा आनंद झाला तेवढा कधी कोणाच्या रिफंडानं झाला नव्हता. दाखल्याची शिक्क्यासह नवी प्रतही घेतली, इंदू नावासकट.

यवतमाळात प्रतिज्ञापत्र करताना मी सुधाकरभाऊंना सांगितलं, "तुमचंही एक लागणार. तुम्ही नाव बदललं, तुम्हीच लिहून द्या."

"टाइप करा, मी सही मारतो."

"हे हातानं लिहा."

खोटं कशाला बोलू, हातानं लिहायची काही गरज नव्हती. पण मला त्यांच्या हातून ते हवं होतं. सुधाकरभाऊ माझ्या टेबलाशी बसले, पेन दोनदा झटकलं आणि लिहिलं, 'मी सुधाकर गावंडे शपथेवर सांगतो की माझी पत्नी इंदू हिचे नाव लग्नात मी वंदना असे ठेवले. इंदू आणि वंदना एकच आहे. मला दुसरी बायको नाही.' शेवटचं वाक्य मी सांगितलं नव्हतं. "असू द्या," ते म्हणाले, "जपानवाल्या बाईले समजलं पाह्यजे."

मग खातं. आधार वंदना नावाचं, म्हणून खातंही वंदना नावानंच निघालं. त्याला इंदूबाईंची हरकत नव्हती. "थे बी मीच आहे," म्हणाल्या. बँकेतल्या मुलीनं मोबाईल नंबर विचारला आणि सुधाकरभाऊंनी सवयीनं आपला सांगायला सुरुवात केली. मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. इंदूबाईंनी स्वतःचा नंबर सांगितला, एकेक आकडा, न चुकता.

"मंग मेसेज तिलेच येईन," सुधाकरभाऊ मला बाहेर म्हणाले. "पैसे आले का नाही, मले कसं समजन?"

"विचारायचं."

"तिले?"

"तिले!"

त्यावर ते बसस्टँडपर्यंत विचार करत चालले.

डिसेंबर धावत होता. प्रणालीनं सगळ्या कागदांचा जपानी तर्जुमा केला, रात्र न दिवस. इकडं आम्हाला एकच धाकधूक, पैसे वर्ष संपायच्या आत पोचले नाहीत तर सगळं मुसळ केरात. नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी माझा फोन वाजला. पलीकडून इंदूबाई, कापसाच्या वावरातून. मागं वेचणाऱ्या बायांचा गलका.

"वकीलबाई, मले मेसेज आला! वाचू का? नऊ डाव वाचला म्या." आणि त्यांनी मला तो पूर्ण वाचून दाखवला, खात्याच्या शेवटच्या आकड्यांसकट. मी म्हटलं, "अहो, हे आकडे कोणाला सांगायचे नसतात!" त्या म्हणाल्या, "तुमी कोणी आहा का?" आणि हसून फोन ठेवला. मी एकटीच घरात टाळ्या वाजवल्या, खोटं नाही सांगत.

जानेवारीत प्रणालीचा निरोप आला. कागद मान्य. त्या सभ्य बाईंनी तिला बोलावून सांगितलं होतं, 'आता समजलं. तुमच्या आईंना दोन नावं आहेत. आम्ही फाईलमध्ये दोन्ही लिहून ठेवली आहेत.' मी तो निरोप चारदा ऐकला. आमच्या जिल्ह्यात कुठल्याच कचेरीला जे सुचलं नाही, मलाही सुचलं नाही, ते नागोयाच्या एका बाईनं सहज करून टाकलं.

संक्रांतीच्या आसपास दोघं माझ्याकडं आले. इंदूबाईंच्या अंगावर नवं लुगडं वगैरे काही नव्हतं. हातात पेढ्यांचा खोका होता, मोठा, चांगला दोन किलोचा. त्यांनी खोका उघडून एक पेढा माझ्या तोंडातच घातला.

"कशाचे हो?" मी भरल्या तोंडानं विचारलं. "कर वाचल्याचे?"

"कर गेला खड्ड्यात," त्या म्हणाल्या. "लग्नात यायनं माहं नाव ठेवलं, तवा पेढे वाटले होते. आता माहं नाव सापडलं, तं वाटा नाही लागत का? माह्या पैशानं घेतले. स्वतः काढले बँकीतून, सही करून."

"कोणती सही?"

"वंदना. थेच चालते तेथं. पण घरी गेल्यावर सांजी म्या कागदावर इंदू बी लिवून पाह्यलं. येते अजून."

सुधाकरभाऊ दारातच उभे होते. मी पेढा पुढं केला तर म्हणाले, "मले बसमंदी बी चार भेटले, सकाळपासून खाऊन राह्यलो." अख्ख्या बसला पेढे वाटत आले होते. कंडक्टरनं कशाचे म्हणून विचारलं, तर सुधाकरभाऊंनीच सांगितलं, बायकोच्या बारशाचे. हे इंदूबाईंनी मला सांगितलं, तेव्हा ते भिंतीतल्या खिळ्यांकडं बघत होते.

मग त्यांनी घड्याळ पाहिलं. घाटंजीची गाडी सुटायला दहा मिनिटं होती. इंदूबाई मात्र माझ्याशी बोलत निवांत बसलेल्या, खोक्याला दोरी बांधत. सुधाकरभाऊंनी एकदा खाकरून पाहिलं. दुसऱ्यांदा खाकरले. मग पायरी उतरून अंगणातून जोरात हाक मारली.

"इंदू! चाल ना वं, गाडी हुकन!"

इंदूबाईंचा हात दोरीवर थांबला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं, आणि खुर्चीत आणखी नीट टेकून बसल्या.

"काय म्हनलं?" त्यांनी आतूनच विचारलं.

"इंदू म्हनलं! चाल!"

"ऐकू नाही आलं जी. अजून एक डाव म्हना."

त्यांनी अजून एक डाव म्हटलं. मग आणखी एक. गाडी हुकली. मी उठून तिघांचा चहा ठेवला.